उतारवयातले गुप्त ग्राहक : भिलाईतून एक आढावा

भिलाईत निवृत्ती ठरल्या तारखेला येते. साठ पूर्ण झाली की त्या महिन्याच्या अखेरीस गेटपास जमा करायचा, विभागातल्या सोबत्यांनी घातलेला हार घेऊन घरी यायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून ए शिफ्ट-बी शिफ्टचा हिशेब संपला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढची तीन दशके देशभरातून माणसे इथे येत राहिली. नागपूर, भंडारा, गोंदिया तर एकाच रेल्वेमार्गावरची गावे. तिथली मराठी कुटुंबे इथल्या सेक्टरांमध्ये रुजली ती याच काळात. त्या भरतीतली बहुतेक पिढी आता निवृत्त आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून लांब. हातात वेळ आहे, स्मार्टफोन आहे, आणि 'आता काय?' हा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाला जी उत्तरे सुचवली जातात त्यांत अलीकडे मिस्ट्री शॉपरचे, म्हणजे गुप्त ग्राहकाचे काम वारंवार येते. काही जण त्याला निवृत्तांसाठी आदर्श काम म्हणतात, काही जण फसवणुकीचे दार. दोन्ही मतांमागे कारणे आहेत आणि ती नीट मांडली गेली पाहिजेत. मात्र बहुतेक चर्चा 'म्हाताऱ्या माणसाला हे झेपेल का' एवढ्यावरच अडते. त्याच्या डोळ्यांनी टिपलेले शेवटी कोणाच्या कामी येते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कामाचे स्वरूप

दुकान, बँक, हॉटेल, पेट्रोल पंप किंवा मोबाईलची शोरूम यांच्या मालक कंपनीला आपल्या काउंटरवर प्रत्यक्षात काय चालते ते जाणून घ्यायचे असते. ती हे काम एखाद्या तपासणी कंपनीला देते. भारतात बेअर इंटरनॅशनल, रेडक्वांटा, ओनियन इनसाइट्स, फ्लोअरवॉकर्स अशा कंपन्या या व्यवसायात आहेत. तपासणी कंपनी आपल्याकडे नोंदवलेल्या लोकांतून वय, राहण्याचे ठिकाण, वाहन, वापरातला फोन असे तपशील पाहून माणूस निवडते. त्याला सूचनापत्र मिळते, बहुधा एक छोटी चाचणीही द्यावी लागते. मग ठरवून दिलेल्या वेळेत जायचे, सामान्य गिऱ्हाइकासारखे वागायचे, बिल घ्यायचे आणि घरी येऊन प्रश्नावली भरायची.

ती प्रश्नावली वाटते तितकी सोपी नसते. समजा, रेल मिलमधून निवृत्त झालेले एक काका जुनवानीच्या सूर्या मॉलमधल्या एखाद्या कपड्यांच्या दुकानात गेले. दारात कोणी नमस्कार केला का, आणि किती सेकंदांत? विक्रेत्याच्या छातीवर नावाची पट्टी होती का, नाव काय? त्याने गरज विचारली की थेट महाग माल दाखवला? ट्रायल रूममध्ये हुक होते का, फरशी स्वच्छ होती का? बिलाच्या रांगेत पुढे किती माणसे होती, एकूण किती मिनिटे गेली? एवढे सगळे डोक्यात ठेवायचे, कारण हातात कागद-पेन दिसले की काम फसले. विक्रेत्या मुलाने 'अंकलजी, बैठिए, पानी लेंगे?' म्हटले, तर तेही आठवून लिहायचे. ज्या वाक्यात म्हटले त्याच वाक्यात. अहवाल साधारण एक-दोन दिवसांत पाठवायचा. कंपनीचा संपादक शंका काढतो: बिलावरची वेळ आणि तुमची वेळ जुळत नाही, असे का? सगळे मान्य झाले की काही आठवड्यांनी मानधन जमा होते. ते बहुधा काहीशे रुपयांचे असते. खरेदीची ठरलेली रक्कम परत मिळते.

इथे पोलाद कारखान्यातल्या माणसाची एक बाजू जमेची आहे. ज्याने तीस-पस्तीस वर्षे लॉगबुक भरले, पाळी बदलताना पुढच्याला कामाची स्थिती समजावून दिली, रेल्वे रुळांच्या तपासणीत बारीक दोषासाठी माल बाजूला काढला, त्याला 'जे दिसले तेच लिही, वाटले ते लिहू नको' हे वेगळे शिकवावे लागत नाही. कारखान्यात हे शिकलेली माणसे या एका शहरात हजारोंनी आहेत.

मागचा इतिहास

वेष पालटून बाजार पाहण्याची कल्पना आपल्याकडे जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गृहस्थाच्या आणि व्यापाऱ्याच्या रूपात वावरणारे हेर आहेत. आजच्या धंद्याचा उगम मात्र अमेरिकेतला. तिथल्या बँका आणि दुकाने नोकरांच्या हातचलाखीवर नजर ठेवायला खाजगी गुप्तहेर नेमत. १९४० च्या दशकात विल्मार्क या कंपनीने हेच तंत्र ग्राहकसेवा मोजायला वापरले आणि 'मिस्ट्री शॉपिंग' हे नाव रूढ झाले. १९९८ मध्ये या कंपन्यांची एमएसपीए ही व्यावसायिक संघटना उभी राहिली. भारतात उदारीकरणानंतर साखळी दुकाने, खाजगी बँका आणि मॉल आले, त्यांच्या मागोमाग हे काम आले. आधी महानगरांत, मग रायपूर-दुर्ग-भिलाईसारख्या शहरांपर्यंत पोचलेल्या दुकानांबरोबर.

याला समांतर दुसरी एक वाट आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते. १९६३ च्या सुमारास हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन डॉक्टरांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्यासाठी सराव दिलेले बनावट रुग्ण वापरायला सुरुवात केली. ती पद्धत पुढे भारतात संशोधनाचे मोठे साधन झाली. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात असे रुग्ण पाठवून सरकारी आणि खाजगी उपचारांची तुलना केली. २०१४-१५ मध्ये दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ औषध दुकानांत १२०० भेटी झाल्या. क्षयाची लक्षणे सांगणाऱ्या 'रुग्णा'ला दुकानदार काय देतो, ते त्यांत पाहिले गेले. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके सर्रास दिली जात होती. पण क्षयावरची पहिल्या फळीची औषधे एकाही दुकानाने तशी दिली नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम कळल्या, आणि दुसरी दुकानदारांच्या बाजूची होती.

पैशाच्या व्यवहारातही हे झाले आहे. संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार यांनी आयुर्विमा एजंटांकडे प्रशिक्षित ग्राहक पाठवले. बहुतांश एजंट ग्राहकाला न शोभणारी, पण जास्त कमिशनची पॉलिसी सुचवतात, असे त्यांना आढळले. मोनिका हालन आणि रेणुका साने यांनी दिल्लीतल्या बँक शाखांत असाच प्रयोग केला. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०१३ साली सहा मोठ्या संस्थांमध्ये केलेल्या २३१ गुप्त भेटींचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा साधारण चारातल्या एका भेटीत सल्ला अयोग्य तरी होता किंवा पुरेशी माहिती न विचारता दिलेला होता.

म्हणजे एकाच कौशल्याचे दोन उपयोग आहेत. एकात अहवाल कंपनीच्या फाइलीत जातो. दुसऱ्यात तो सगळ्यांसमोर येतो. ज्येष्ठांच्या कामाची चर्चा होते ती जवळजवळ पूर्णपणे पहिल्याभोवती.

बाजूने बोलणारे

समर्थकांचा पहिला मुद्दा लवचिकतेचा. ठरावीक तास नाहीत, वरिष्ठ नाही, गुडघा दुखत असेल त्या दिवशी 'नाही' म्हणता येते. दुसरा मुद्दा बाहेर पडण्याचा. पोर्च ते टीव्ही आणि टीव्ही ते पोर्च एवढ्याच फेऱ्या उरलेल्या माणसाला आज चार वाजता सिव्हिक सेंटरला पोचायचे आहे, एवढे निमित्तही मोठे असते. अमेरिकेत बाल्टिमोरसारख्या शहरांतल्या 'एक्स्पिरियन्स कोअर' उपक्रमात ज्येष्ठ मंडळी प्राथमिक शाळांत आठवड्याला पंधराएक तास काम करतात. बांधेसूद, उपयोगाचे काम मनाला आणि शरीराला बरे, हा विचार त्यामागे आहे. मिस्ट्री शॉपिंगचे समर्थक तोच विचार इथे लावतात. तुलना पूर्ण जुळत नाही, कारण शाळेत माणसे भेटतात आणि नाती जुळतात. गुप्त ग्राहकाला तर ओळख लपवायची असते. तरी निमित्त आणि जबाबदारी यांचा फायदा नाकारता येत नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या ईपीएस-९५ या निवृत्तिवेतनाचे सूत्र पाहिले तर पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेत पस्तीस वर्षांची सेवा धरूनही रक्कम महिना साडेसात हजारांच्या आसपास येते. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून एक हजार आहे. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रत्यक्ष पगारावर वाढीव निवृत्तिवेतनाचा मार्ग काहींना खुला झाला, पण सगळ्यांना नाही. कंत्राटी कामगार म्हणून आयुष्य काढलेल्यांची अवस्था तर याहून बिकट. अशा घरात महिन्याचे हजार-दोन हजारही मोजले जातात.

शंका घेणारे

शंका घेणाऱ्यांचे गणित याच ठिकाणी वेगळे निघते. रिसालीहून जुनवानीला जाण्या-येण्याचा रिक्षाखर्च, तासाभराची भेट, दीड तासाचा अहवाल, संपादकाच्या शंका, आणि आधी स्वतःच्या खिशातून केलेली खरेदी. सगळे वजा केले तर ताशी उरते काय? अहवाल नामंजूर झाला तर खरेदीचे पैसेही अडकतात. कामे सलग मिळत नाहीत, आणि छोट्या शहरात तर मोजकीच. त्यांच्या मते हे पॉकेटमनीचे साधन आहे. त्याला रोजगार म्हणणे ज्येष्ठांची दिशाभूल करणारे आहे. हा आक्षेप मला रास्त वाटतो. ज्याला औषधांच्या खर्चासाठी पैसे हवेत त्याने या कामावर भिस्त ठेवू नये.

कायद्याचे कवच विरळ आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार ही संकल्पना कायद्यात आणली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. पण असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणीचे वय १६ ते ५९ असे ठेवले गेले. ज्येष्ठांना काम मिळावे म्हणून केंद्राने त्याच वर्षी १ ऑक्टोबरला 'सेक्रेड' पोर्टल सुरू केले. एका खात्याने साठीनंतर काम करा म्हणायचे आणि दुसऱ्याने कामगार म्हणून मोजताना एकोणसाठीला रेघ ओढायची, ही विसंगती आहे. भेटीला जाताना पाय घसरून पडलेल्या काकूंच्या उपचाराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे हवेत राहतो.

मोजमाप खरे किती?

संशोधकांची चिंता आणखी वेगळी आहे. १९९७ मध्ये मॉरिसन, कोलमन आणि प्रेस्टन यांनी गुप्त ग्राहकाच्या अहवालावर स्मरणशक्ती, अपेक्षा आणि पूर्वग्रह यांचा किती परिणाम होतो याची मांडणी केली. त्यातला मुद्दा सगळ्याच वयांना लागू आहे: माणूस पाहतो कमी आणि भरून काढतो जास्त. वय वाढले की ताज्या तपशिलांची आठवण मंदावते आणि ऐकू कमी येते, हे खरे. पण यावर उपायही ठाऊक आहेत. वैद्यकीय अभ्यासांत बनावट रुग्णांची प्रश्नावली भेटीनंतर तासाभरातच भरून घेतली गेली. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून फोनमध्ये लगेच आवाजी टिपण केले तरी बराच फरक पडतो.

उलट बाजूचा युक्तिवाद मला अधिक पटतो. काही गोष्टी वयस्कर गिऱ्हाइकालाच दिसतात, कारण त्या त्याच्याच बाबतीत घडतात. टोकन मशीनवरची अक्षरे केवढी आहेत, रांगेत बसायला खुर्ची आहे का, पायरीला कठडा आहे का, काचेपलीकडचा आवाज ऐकू येतो का. आणि सर्वांत महत्त्वाचे: मुदत ठेव नूतनीकरणाला आलेल्या पासष्ट वर्षांच्या माणसाला 'बाबूजी, एफडी में क्या रखा है, इसमें डालिए' म्हणत दहा वर्षांच्या हप्त्यांची विमा पॉलिसी पुढे केली जाते का. पंचविशीतला तपासनीस तिथे गेला तर त्याला हा संवाद ऐकायलाच मिळणार नाही. हालन, साने आणि सुसान थॉमस यांनी चुकीच्या विमा विक्रीमुळे २००४-०५ ते २०११-१२ या काळात ग्राहकांचे सुमारे दीड लाख कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला होता. या नुकसानीचा माग काढायचा तर निवृत्तीचे पैसे हातात असलेला माणूसच काउंटरवर गेला पाहिजे.

पाळत की तपासणी

गुप्त भेट म्हणजे पाळत की तपासणी, हा प्रश्न भिलाईत जास्त बोचतो. इथल्या नियमित कामगाराने नोकरी केली ती युनियनच्या छत्राखाली. चूक झाली तर आधी आरोपपत्र, मग खुलासा, मग चौकशी. स्थायी आदेशांनी दिलेले हे संरक्षण त्याच्या पिढीने गृहीत धरले. त्याच शहरात कंत्राटी कामगारांना ते मिळावे म्हणून मोठी लढाई झाली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्या लढाईचे नेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या भिलाईतच झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी रेल्वेरुळांवर बसलेल्या कामगारांवरचा गोळीबारही इथलाच. आता निवृत्त कायम कामगाराने मॉलमधल्या कंत्राटी मुलाच्या नावाची पट्टी वाचून 'हसला नाही' असे नोंदवायचे, आणि त्या मुलाला खुलाशाची संधीही मिळेल की नाही ठाऊक नाही. हे करावे का?

व्यवसायाची बाजू अशी, की तपासणी पद्धतीची असते, माणसाची नसते. एसोमार या जागतिक बाजार संशोधन संस्थेची भूमिका आहे की कर्मचाऱ्यांना अशा भेटी होऊ शकतात याची आधी कल्पना द्यावी आणि अहवाल शिक्षेसाठी वापरू नये. प्रशिक्षण कुठे कमी पडते ते कळले तर फायदा कर्मचाऱ्याचाच, असेही सांगितले जाते. विरोधक म्हणतात, कागदावरच्या संकेतांना नोकरी गेलेल्या माणसाच्या लेखी काय अर्थ? त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे लपवून केलेल्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. माझे मत इतकेच, की काम घेण्याआधी 'अहवालात कर्मचाऱ्याचे नाव जाते का आणि त्याचे पुढे काय होते' हे विचारण्याचा हक्क गुप्त ग्राहकाला असला पाहिजे, आणि उत्तर मिळाले नाही तर त्याने ते काम सोडावे.

फसवणुकीची बाजू

या कामाच्या नावाने फसवणूक होते, यावर फारसे दुमत नाही. मिस्ट्री शॉपरच्या नावाने बनावट चेक पाठवून पैसे उकळण्याच्या प्रकारांबद्दल अमेरिकेचा व्यापार आयोग वर्षानुवर्षे इशारे देत आहे. आपल्याकडचा प्रकार थोडा निराळा. व्हॉट्सॲपवर संदेश येतो, हॉटेलला पाच तारे द्या. दिले की थोडे पैसे खरोखर जमा होतात. मग टेलिग्रामचा गट, मग 'प्रीपेड टास्क', आणि मग भविष्यनिर्वाह निधीची जमा रक्कम हप्त्याहप्त्याने जाते. खरी कंपनी नोंदणीसाठी किंवा कामासाठी पैसे मागत नाही, ही एक खूण पक्की लक्षात ठेवावी. पैसे गेलेच तर लाजेखातर मुलांपासून लपवण्यात वेळ न घालवता लगेच १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करावा.

अनिर्णित राहिलेले

भेटीमागे किमान मानधन असावे का, आणि ते ठरवायचे कोणी? वयस्कर आणि तरुण गुप्त ग्राहकांच्या अहवालांची अचूकता शेजारी ठेवून भारतीय परिस्थितीत तपासायला हवी. कंपनीसाठीचे काम आणि लोकहिताचे काम एकाच माणसाने करावे का, यावरही एकमत नाही.

संस्थेचा प्रश्न सर्वांत मोठा. एकेकटा निवृत्त माणूस ॲपवरून कामे शोधत राहिला तर तो कायम दुबळ्या बाजूला राहणार. जपानमध्ये १९७५ साली टोकियोत वृद्धांसाठी कामे मिळवून देणारी संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये 'सिल्व्हर मनुष्यबळ केंद्रां'ना कायद्याचा आधार मिळाला; काम केंद्र घेते आणि सदस्यांत वाटते. आपल्याकडे ग्राहक चळवळीचा वारसा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि ती चळवळ चालली ती स्वयंसेवकांच्या बळावर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला चौकशीचे अधिकार दिले आहेत. ज्येष्ठांच्या शिस्तबद्ध गुप्त भेटींचे निष्कर्ष तिथपर्यंत नेण्याची व्यवस्था मात्र अजून बसलेली नाही.

ती बसेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने बँकांना ज्येष्ठांसाठी स्वतंत्र किंवा प्राधान्याचा काउंटर ठेवायला आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यायला सांगितले आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी शाखांमध्ये गर्दी असते. भिलाईतल्या निवृत्तांच्या संघटनांनी आणि मराठी मंडळींनी येत्या नोव्हेंबरात एकच प्रश्नावली तयार करावी, सेक्टरांपासून सुपेला-पॉवर हाऊसपर्यंतच्या शाखांत आपली माणसे पाठवावीत, कोणाही कर्मचाऱ्याचे नाव न लिहिता शाखावार निष्कर्ष काढावेत आणि ते बँकांना व वर्तमानपत्रांना द्यावेत. प्रश्नावली एका पानाची पुरे.